बॅटरी संपत आली आणि ड्रोन आपोआप उतरू लागला, तर स्टिकचं काय करायचं?

रामटेकजवळ खिंडसीच्या काठावर प्री-वेडिंगचं शूट चालू असताना एका तरुण कॅमेरामनचा ड्रोन पाण्यात गेला. त्याचा प्रश्न थोडक्यात असा. ड्रोन पाण्यावर साधारण ४०० मीटर आत, ९० मीटर उंचीवर होता. उजवीकडचा काठ त्याला जवळ होता, दीडशे मीटरच्या आसपास. बॅटरी पंचवीस टक्क्यांजवळ आल्यावर ‘परत येतो’ असा संदेश आला. शॉट अर्धा होता, म्हणून त्याने तो रद्द केला. पुढे स्क्रीन लाल झाली आणि ड्रोन आपोआप खाली येऊ लागला. रद्द करायचं बटण दाबून काही झालं नाही. रिमोटची डावी, म्हणजे ड्रोन वर-खाली नेणारी स्टिक पूर्ण वर धरली तेव्हा ड्रोन थांबला, जरासा वर चढला आणि थोड्या वेळाने सरळ पाण्यात कोसळला. ‘कंट्रोलच सुटला होता भाऊ, मी काय करायला पाहिजे होतं?’

भाऊ, कंट्रोल सुटला नव्हता. तुमच्या उजव्या अंगठ्याखालची, ड्रोन आडवा नेणारी स्टिक शेवटपर्यंत चालू होती. त्या वेळी फक्त तीच कामाची होती आणि तुमचं सगळं लक्ष डाव्या स्टिककडे गेलं. हे पुष्कळांचं होतं. ड्रोन खाली येतोय म्हटल्यावर हात आपसूक त्याला वर ढकलायला जातो. म्हणूनच यंत्र त्या क्षणी नेमकं काय करत असतं ते आधी समजून घेऊ.

बॅटरी कमी झाली की ड्रोन दोन वेगवेगळ्या गोष्टी करतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे घरी परतणं. आपण कुठे आहोत, होम पॉइंट, म्हणजे जिथून उडालो ती नोंदलेली जागा, किती लांब आहे, किती उंचीवरून उतरायचं आहे, याचा हिशेब ड्रोन सतत करत असतो. परतीपुरतीच वीज उरली असं दिसलं की तो स्क्रीनवर विचारतो, बहुतेक मॉडेलांत दहा सेकंदांची उलटी मोजणी करतो आणि उत्तर मिळालं नाही तर निघतो. हे तुम्ही रद्द करू शकता. तुम्ही ते केलंत. पण रद्द केल्यावर ड्रोन तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारेल यावर विसंबू नका. तुम्ही जाणूनबुजून थांबला आहात असं तो धरून चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सक्तीचं उतरणं. आहे त्या उंचीवरून खाली येण्यापुरतीच वीज उरली की ड्रोन घराचा विचार सोडतो आणि जिथे आहे तिथेच उतरायला लागतो. हे रद्द होत नाही. पॉज बटण, होमचं बटण, अ‍ॅपमधली फुली, काहीच लागू पडत नाही. पण याचा अर्थ ड्रोन फक्त उभ्या रेषेत खाली येणार असा नाही. डीजेआयच्या बहुतेक मॉडेलांत, आणि घरगुती वापराचे निम्म्याहून जास्त ड्रोन आपल्याकडे त्याच कंपनीचे दिसतात, या काळात पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे नेण्याचा पूर्ण ताबा पायलटकडे असतो. नाक वळवता येतं. उतरण्याचा वेग कमी करता येतो. वीज पुरेशी असेल तर थ्रॉटल, म्हणजे डावी स्टिक, वर धरून सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने चढताही येतं. आणि तिथेच माणूस फसतो. थ्रॉटल वरच धरून ठेवला तर पंखे वीज खात राहतात आणि बॅटरी हवेतच संपते. कंपनीच्या वापरपुस्तिकेत हा इशारा दिलेला असतो. तुमच्या बाबतीत तेच झालं.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. आपोआप उतरणारा ड्रोन उंचावर असताना साधारणपणे सेकंदाला दोन ते तीन मीटरने खाली येतो आणि जमिनीजवळ अजून हळू होतो. तीन मीटर धरले तरी ९० मीटर उतरायला तीस सेकंद. नॉर्मल मोडमध्ये आडवा वेग सेकंदाला आठ मीटर धरला, तर त्या तीस सेकंदांत २४० मीटर अंतर कापता येतं. तुमच्यापर्यंतचे ४०० मीटर त्यात बसत नव्हते, पण उजवीकडचा दीडशे मीटरवरचा काठ सहज बसत होता. वीस सेकंदांत ड्रोन काठावर पोचला असता, तेव्हाही तो तीस मीटर उंच असता आणि नीट जागा बघून उतरवायला वेळ उरला असता.

म्हणून सक्तीचं लँडिंग सुरू झालं की मी एवढंच सांगतो: उंची म्हणजे तुमच्याकडे उरलेला वेळ आहे, तो आडवं जाण्यात खर्च करा. थ्रॉटल वर ढकलणं शेवटच्या दहा मीटरसाठी राखून ठेवा. तिथे एखादी भिंत, कुंपण, झाडाचा शेंडा ओलांडायला दोन-चार सेकंदांची उंची लागते आणि तेवढी वीज तेव्हा शिल्लक असली पाहिजे. वरच ती उधळली तर खाली हात रिकामे.

आडवं जाण्यात आणखी एक फायदा आहे जो कमी लोकांना माहीत असतो. मध्यम वेगाने पुढे जाणाऱ्या ड्रोनला एका जागी तरंगत राहण्यापेक्षा थोडी कमीच वीज लागते, कारण पंख्यांना सतत नवी, न ढवळलेली हवा मिळत जाते. म्हणजे ‘थांबून विचार करू’ हा सगळ्यात महाग पर्याय आहे. जागा ठरत नसेल तरी निदान पाण्यापासून किंवा गर्दीपासून दूर, मोकळ्या दिशेला ड्रोन चालता करा आणि जाता जाता ठरवा.

कुठली जागा निवडायची? पहिली कसोटी वाऱ्याची. जिकडे वारा वाहतोय त्या बाजूची जागा घ्या. समोरून सेकंदाला पाच मीटरचा वारा असेल तर आठ मीटरचा वेग तीनवर येतो, पाठीमागून असेल तर तेरावर जातो. इतक्या थोड्या सेकंदांत हा फरक फार मोठा आहे. ९० मीटरवरचा वारा तुमच्या चेहऱ्यावर लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा जवळपास नेहमीच जोराचा असतो. उन्हाळ्यात दुपारनंतर विदर्भात गरम झोत उठतात, तेव्हा तर खाली पान हलत नसताना वर ड्रोन तिरका होऊन झुंजत असतो. स्पोर्ट मोडचा, म्हणजे सगळ्यात जास्त वेगाच्या मोडचा, मोह अशा वेळी होतो. बॅटरी वीस टक्के असेल आणि समोरच्या वाऱ्यातून घरी यायचं असेल तर स्पोर्ट मोड ठीक आहे, अडथळे ओळखणारे सेन्सर त्यात बंद असतात हे लक्षात ठेवून. त्याआधी उंची कमी करून पाहा, खाली वारा मंद मिळतो आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं. पण सक्तीचं लँडिंग सुरू झाल्यावर स्पोर्ट मोडला हात लावू नका. ड्रोन एकदम जास्त झुकतो, मोटारी एकदम जास्त करंट ओढतात आणि आधीच दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तिथेच कोसळू शकतो.

दुसरी कसोटी जमिनीची. आपल्या भागात काम करणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर सांगतो, कारण नागपूरच्या बाहेर पडलं की शूट बहुतेक शेताशिवारातच असतं. वरून हिरवंगार दिसणारं शेत मऊ गादीसारखं वाटतं, पण उभं पीक ड्रोनसाठी वाईट जागा आहे. खालचे सेन्सर पिकाच्या शेंड्यालाच जमीन समजतात. ड्रोन तिथे अडखळतो, तरंगत राहतो, मग हळूच आत घुसतो आणि पंख्यांत पानं अडकतात. सोयाबीनमध्ये निदान सापडतो तरी. डिसेंबरातल्या पुरुषभर उंचीच्या तुरीत गेला तर दहा पावलांवर असूनही दिसत नाही. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या संत्राबागांत झाडं साधारण सहा मीटरवर लावलेली असतात, पण फांद्या पसरल्यावर दोन ओळींमध्ये उरणारी जागा फार थोडी असते. वरून ती पट्टी रुंद दिसते, खाली आल्यावर फांद्या दोन्हीकडून जवळ येतात. तिथेच उतरावं लागलं तर ओळीच्या दिशेने नाक करा, म्हणजे ड्रोन सरकला तरी लांबीच्या बाजूला सरकेल.

खळ्याची जागा, नुकतं नांगरलेलं वावर, पांदण रस्ता, तलावाचा कोरडा काठ, शाळेचं मैदान, या चांगल्या जागा. पांदणीबद्दल मात्र एक सावधगिरी. शेतीपंपांच्या विजेच्या तारा बऱ्याचदा पांदणीच्या किंवा धुऱ्याच्या कडेनेच जातात. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून खांबांची रांग शोधा आणि तिच्यापासून बाजूला, वावरात आतल्या अंगाला उतरा. ढेकळांत पडून ड्रोन कलंडला आणि एखादा पंखा तुटला तर पंखा बदलता येतो.

लोक असतील तिथे उतरवायचं नाही, यावर चर्चाच नको. लग्नाच्या लॉनवर काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. संध्याकाळी तुम्ही लॉनच्या मोकळ्या कोपऱ्यातून उडवता, तोच होम पॉइंट नोंदला जातो. वरात येते, ढोल-ताशा त्याच कोपऱ्यात थांबतो आणि वीस मिनिटांनी ड्रोन परतीला निघतो तेव्हा खाली शंभर डोकी असतात. अशा कामात होम पॉइंट लॉनच्या मागच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर ठेवावा, तिथे आपला एक माणूस उभा करावा आणि त्याला ती जागा मोकळी ठेवायला सांगावं. वर्धा रोडच्या लॉनबद्दल एक वेगळा मुद्दा आहे. सोनेगावचा विमानतळ जवळ आहे, आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची मर्यादा आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून बघितल्याशिवाय लॉनवाल्याला होकार देऊ नका. फुटाळ्याला लागून वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे तलाव दिसला म्हणून तिथे सरावाला जाऊ नये.

प्रत्यक्ष त्या तीस सेकंदांत डोळे आणि हात कसे चालले पाहिजेत ते सांगतो. लाल संदेश दिसताच रेकॉर्डिंग विसरा. रिमोटवरचं गिंबलचं, म्हणजे कॅमेरा वर-खाली वळवणारं, चाक फिरवून कॅमेरा समोर-खाली, साधारण ४५ अंशांवर आणा, म्हणजे जमीनही दिसेल आणि पुढची दिशाही. ड्रोनचं नाक निवडलेल्या जागेकडे वळवा, उजवी स्टिक पुढे द्या. डावी स्टिक उभ्या दिशेत मधोमध सोडा, उतरण्याचं काम ड्रोनला करू द्या. जागेच्या डोक्यावर आलात की कॅमेरा पूर्ण खाली करा आणि स्थिर करा. जवळ अडथळा दिसला तर आता, या उंचीवर, थ्रॉटल थोडा वर देऊन बाजूला सरका. पाय टेकायच्या बेतात असताना बरेच ड्रोन अर्ध्या मीटरवर थबकतात आणि जमीन योग्य आहे का याची खात्री करू बघतात. तिथे घोटाळू नका, डावी स्टिक पूर्ण खाली ओढा आणि मोटारी थांबेपर्यंत सोडू नका. हातात पकडायचा प्रयत्न करू नका. हाताला सेन्सर अडथळा समजून ड्रोन उसळी घेतो, आणि त्या घाईत बोटं कापली जातात.

हे सगळं लवकर, म्हणजे उंची असतानाच करायचं याला अजून एक कारण आहे: सिग्नल. ड्रोन झाडांच्या किंवा बांधाच्या आड खाली गेला की रिमोटचा संपर्क तुटतो. एरवी संपर्क तुटला तर तो घरी परततो. बॅटरी अखेरीला आलेली असताना तो परतायला निघेल ही आशा ठेवू नका, असेल तिथेच खाली उतरेल असं धरून चला. म्हणजे शेवटच्या वीस मीटरमध्ये तुमचं काही चालणार नाही असं समजूनच आधी त्याला योग्य जागेच्या वर आणून ठेवायचं. त्याच्यामागे पळत सुटू नका. पळताना रिमोटचा अँटेना भलतीकडे वळतो आणि नजर स्क्रीनवरून हटते. सोबतच्या माणसाला त्या दिशेला पाठवा, तुम्ही उभे राहा. संपर्क गेलाच तर अ‍ॅपच्या नकाशावर शेवटची जागा नोंदलेली असते, तिचा लगेच स्क्रीनशॉट घ्या.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. बॅटरी पंचवीस टक्क्यांवरून इतक्या लवकर कशी खाली आली? टक्के हा अंदाज असतो, इंधनाच्या टाकीतली पातळी नसते. ड्रोनच्या बॅटरीत लिथियम पॉलिमरचे दोन-चार सेल जोडलेले असतात, त्यातल्या एका सेलचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, काही प्रकारांत थोडा जास्त. मधला बराच काळ तो संथपणे उतरतो. साडेतीनच्या खाली गेला की उतार एकदम तीव्र होतो. जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो, त्यामुळे तुम्ही स्टिक जोरात दिली की व्होल्टेज आणखी दबतो आणि ड्रोनला वाटतं तेवढी वीज प्रत्यक्षात मिळत नाही. कंपनीने लिहिलेली तीस-चौतीस मिनिटं वारा नसताना, ठरावीक मध्यम वेगाने, बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत मोजलेली असतात. खिंडसीच्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्यात तो हिशेब लागत नाही.

आपल्याकडे जुन्या बॅटरीचा प्रश्न जास्त आहे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची परदेशातून आयात बंद झाली, त्यामुळे पुष्कळ जण आधीचेच ड्रोन आणि आधीच्याच बॅटऱ्या सांभाळून वापरत आहेत. त्यात कुणावर दोष ठेवण्यासारखं काही नाही, पण मग रोज तपासणीची सवय लागली पाहिजे. अ‍ॅपमध्ये बॅटरीच्या पानावर सेलचे व्होल्टेज वेगवेगळे दिसत असतील तर उडवल्यावर पहिल्याच मिनिटाला बघा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे राहत असेल तर ती बॅटरी कामाच्या शूटला नेऊ नका. फुगलेली बॅटरी कुठेच नेऊ नका. आठवडाभर भरून ठेवलेली बॅटरी स्वतःहून थोडी रिकामी होते, म्हणून शूटच्या सकाळी पुन्हा चार्ज करा.

नागपूरचा उन्हाळा वेगळी काळजी मागतो. घरगुती वापराच्या बहुतेक ड्रोनची कमाल मर्यादा ४० अंशांची असते आणि मे महिन्यात आपला पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीत ठेवलेली बॅटरी तर हवेत जाण्याआधीच तापलेली असते. मे महिन्यात मी सकाळी नऊच्या आत काम उरकण्याच्या मताचा आहे, ग्राहकाला दुपारचं ऊन कितीही आवडत असलं तरी. उलट डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, आठ-दहा अंशांवर, गार बॅटरीचा व्होल्टेज लगेच दबतो. तेव्हा बॅटरी खिशात किंवा जॅकेटच्या आत ठेवावी आणि उडवल्यावर मिनिटभर दोन मीटरवर तरंगत ठेवून मगच लांब न्यावी.

सेटिंगमध्ये दोन बदल आजच करा. कमी बॅटरीचा इशारा ३० टक्क्यांवर ठेवा, पाण्यावर काम असेल तर इशारा येताच परतीला निघा, शॉट पुढच्या बॅटरीवर घ्या. दुसरं, परतीची उंची. बरेच जण ती घाबरून १२० मीटर ठेवतात. मग परतताना ड्रोन आधी तिथपर्यंत चढतो, जोराच्या वाऱ्यात जातो आणि जी वीज घरी यायला हवी होती ती चढण्यात घालवतो. सपाट शिवारात ४०-५० मीटर पुरतात. कोराडी, खापरखेडा, मौद्याच्या वीजकेंद्रांकडून येणारे अतिउच्चदाबाचे टॉवर आसपास असतील तर मात्र त्यांच्या बरंच वर ठेवा. प्रत्येक जागी उडवण्याआधी चारी बाजूंना बघून हा आकडा बदलायचा असतो.

आणि एकदा मुद्दाम सराव करा. परवानगीच्या भागात, मोकळ्या गवतावर, लोकांपासून दूर, ड्रोन डोक्याइतक्या उंचीवर आणि दहा पावलांवर ठेवून बॅटरी अखेरपर्यंत जाऊ द्या. सक्तीचं लँडिंग सुरू झालं की रद्द करून बघा, होत नाही हे डोळ्यांनी दिसेल. उजव्या स्टिकने त्याला ठरवलेल्या खुणेवर न्या. थ्रॉटल जरा वर द्या, तो थांबतो तेव्हा हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा, मग लगेच सोडा आणि उतरू द्या. बॅटरीला याने थोडा ताण पडतो, म्हणून हे वारंवार करू नये. एखाद-दोन वेळा केलं तरी पुढच्या खऱ्या प्रसंगात अंगठा आपोआप बरोबर स्टिककडे जातो. तुमच्या मॉडेलमध्ये काही वेगळं असेल तर तेही इथेच कळेल.

पाण्यातून काढलेल्या ड्रोनबद्दल: तो चालू करून बघू नका. बॅटरी लगेच काढून घराबाहेर, सिमेंटच्या जागेवर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवा आणि ती पुन्हा चार्जरला लावू नका, कोरडी वाटली तरी. ड्रोनमधलं मेमरी कार्ड काढून वाळवा, ते बहुधा वाचतं. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये त्या उड्डाणाची नोंद आहे, ती डिलीट करू नका. त्यात प्रत्येक क्षणाची उंची, व्होल्टेज आणि स्टिकची स्थिती दिसेल. लँडिंग सुरू झालं तेव्हा सेलचा व्होल्टेज किती होता ते पाहा. साडेतीनच्या बराच वर असताना एकदम खाली गेला असेल, तर त्याच वेळी विकत घेतलेल्या तुमच्या बाकीच्या बॅटऱ्याही पुढच्या शूटआधी तपासून घ्या.